टाकीचा तळ

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला असलेल्या कोरारी बे गावात दोनशे चौदा घरं, आणि त्यातल्या प्रत्येक घरची गरम पाण्याची टाकी ऐल्सा ड्रमंडच्या संगणकात होती. खरी टाकी नव्हे, तिचं गणित. किती लिटर पाणी, या घटकेला किती अंश, सकाळी कोण कधी आंघोळीला शिरतं, दिवसभरात किती ऊब टाकीच्या अंगातून निसटून जाते, सगळं. ऐल्सानं सोळा वर्षं शहरातल्या एका वीजकंपनीत काढली होती. आई गेल्यावर ती गावी परतली, ती डोक्यात पवनचक्की घेऊनच. मागच्या टेकडीवर गावाच्या मालकीची एक पवनचक्की, सभागृहाच्या छपरावर सौर पॅनेल, एवढीच मूळ कल्पना. पण वारा येणार आपल्या मर्जीनं, आणि माणसांना वीज लागणार त्यांच्या वेळेला. मग मधल्या वेळात ती ठेवायची कुठे? त्यावर ऐल्साचं उत्तर ठरलेलं होतं: बॅटऱ्या कशाला, प्रत्येक घराच्या कपाटात एक तांब्याची टाकी आजोबांच्या काळापासून उभी आहेच की. वारा सुटला की पाणी तापवायचं, पडला की बटण बंद. साठवलेला वारा नळातून येईल.

मॉडेलमध्ये तिनं प्रत्येक टाकीला एकच तापमान दिलं होतं. पातेल्यातलं पाणी नीट ढवळावं तसं वरखाली सगळं एकसारखं. खरं तर टाकीत गरम पाणी वर राहतं आणि गार खाली, हे तिला शाळेपासून माहीत होतं. पण दोनशे चौदा टाक्या आणि वर्षाचे तास गुणिले प्रत्येक टाकीचे थर, एवढा पसारा मांडला असता तर तिचा संगणक आठवडाभर घरघरत बसला असता. आणि थर न करताही आकडे छान जुळत होते. ते जुळले आणि तिथेच ती थांबली.

मे महिन्यात चौदा घरांत प्रयोग सुरू झाला. गावची वायरमन डार्सी हिनं प्रत्येक टाकीच्या लायनीवर एक स्वयंचलित बटण बसवलं आणि टाकीच्या माथ्यावर, नळी बाहेर पडते तिथे, तापमान मोजणारा सेन्सर चिकटवला. माथ्यावर अशासाठी की कपाटाच्या खालच्या भागात सगळ्यांनी ब्लँकेटं, मुरंब्याच्या बरण्या आणि जुने बूट कोंबलेले होते, आणि ते उपसायला कुणीच तयार नव्हतं.

त्यात नवव्या नंबरचं घर टेओने रेडमन यांचं. एकोणऐंशी वर्षांचे, मासेमारीच्या बोटींवर आयुष्य गेलेलं, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. अख्खं गाव त्यांना अंकल म्हणायचं. नातं असो नसो. जूनच्या सभेत ऐल्सानं चौदा घरांचा आलेख भिंतीवर दाखवला तेव्हा नवव्या घराची रेघ सगळ्यांत देखणी होती. टाकीचा माथा सदोदित साठ अंशांच्या वर, आणि वीज जवळपास शून्य. लोकांनी चीज रोल खाता खाता टाळ्या वाजवल्या. अंकल मागच्या रांगेत बसून खाली बघत हसत होते.

जुलैत, तिकडच्या ऐन हिवाळ्यात, वारा पडला. सलग अकरा दिवस आभाळ निळंशार, सकाळी कुंपणावर पांढरं दव गोठलेलं, आणि वाऱ्याचा मागमूस नाही. बाराव्या दिवशी, गुरुवारी दुपारी, अंकलची मुलगी मेरेआना हिचा इन्व्हरकार्गिलहून फोन आला. बाबांना आदल्या दिवशी डनेडिनच्या इस्पितळात हलवलं होतं. न्यूमोनिया, तोही साधा नव्हे. लिजिओनेला नावाच्या जंतूचा असावा असं डॉक्टरांना वाटत होतं. मेरेआनाच्या बोलण्यात राग नव्हता. ती थकलेली होती आणि एकच गोष्ट विचारत होती.

"डॉक्टर म्हणाले, हा जंतू कोमट पाण्यात वाढतो. घरच्या गरम पाण्यात अलीकडे काही बदल केलाय का, असं विचारत होते. मी काय सांगू त्यांना?"

ऐल्सानं सांगितलं की ती बघते आणि तासाभरात कळवते. फोन ठेवला तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण उभ्या आहोत, आणि कधी उभ्या राहिलो ते आठवत नाही.

तिनं नवव्या घराच्या नोंदी उघडल्या. रोज साठच्या वर. एकोणसाठसुद्धा नाही. साठ अंशांना तो जंतू तग धरत नाही, म्हणूनच तर माथा साठच्या खाली उतरला की वारा नसला तरी वीज घ्यायची, असा नियम तिनं यंत्रणेला घातला होता. कागदावर सगळं चोख होतं. ती खुर्चीत बसली, उठली, चुलीवर किटली ठेवली, न उकळताच उतरवली, परत बसली. मग दुसरा आकडा तिला दिसला, जो ती दीड महिना कौतुकानं बघत आली होती. अकरा दिवसांत या टाकीनं वीज घेतली होती जेमतेम चाळीस मिनिटं. वारा नाही, म्हणून यंत्रणेनं हात आखडता घेतला, ते ठीक. पण मग पाणी तापत होतं कशानं? आकाशातून तर ऊब पडत नव्हती. हा प्रश्न तिला सभेच्या दिवशीच पडायला हवा होता. तो पडला नव्हता, कारण आकडा तिला हवा तसा होता.

अंकलच्या घराची किल्ली मागच्या दारी, मासे ठेवायच्या पेटीखाली असायची. आत शिरल्या शिरल्या तिला जळक्या लाकडाचा वास आला. बैठकीच्या खोलीतली जुनी लोखंडी शेगडी राखेनं भरलेली होती. ती गुडघ्यांवर बसून मागे डोकावली. शेगडीच्या पाठीतून दोन तांब्याच्या नळ्या निघून भिंतीत शिरल्या होत्या, आणि भिंतीपलीकडे टाकीचं कपाट होतं. पूर्वी दक्षिणेकडच्या घराघरांत असंच पाणी तापायचं. प्रयोगाच्या अर्जात ऐल्सानं एकोणीस प्रश्न विचारले होते. घरात माणसं किती, आंघोळी किती, कपडे कधी धुता. शेगडीचा प्रश्न नव्हता.

तिनं कपाटातलं सगळं सामान बाहेर काढलं. घोंगड्या, लोकरी मोजे, मटनबर्ड या समुद्रपक्ष्याच्या तेलाचा डबा, बरण्या. मग टाकीच्या अंगावर पाच ठिकाणी तापमापक बांधले आणि वाट बघत बसली. बसली म्हणजे काय, स्वयंपाकघर ते कपाट अशा येरझाऱ्या घातल्या. अंकलनी दोन दिवसांपासून पाणी वापरलं नव्हतं, शेगडीही थंड होती, तरी माथ्यावर एकसष्ट अंश होते. त्याखाली एक्कावन्न. मध्ये चव्वेचाळीस. त्याखाली सदतीस. आणि अगदी तळाशी एकतीस.

तिला एका दमात सगळं उलगडलं. शेगडीतलं गरम पाणी टाकीत वरच्या बाजूनं शिरत होतं. सेन्सर वरच बसलेला. तो सांगत होता, साठ झाले, वीज नको. आणि तिची यंत्रणा शहाण्या मुलीसारखी त्याचं ऐकत होती. टाकीचा खालचा अर्धा भाग त्या अकरा दिवसांत, आणि कदाचित जूनपासून, अंगाच्या उबेइतका कोमट होऊन पडून होता. जंतू वाढवायला कुणी मुद्दाम मांडावं तसा.

तिच्या हातात फोन होता. एक बटण दाबलं असतं तर तीन तासांत टाकी तळापर्यंत कढत झाली असती, आणि मग कुणी कितीही तपासलं तरी काही सापडलं नसतं. हा विचार तिच्या मनात आला आणि ती तो येताना बघत राहिली. किती वेळ, ते तिला नंतर सांगता आलं नाही. मग गाडीतून स्वच्छ बाटल्या आणून तिनं टाकीच्या तळच्या तोटीतून दोन आणि न्हाणीघरातून एक असे नमुने घेतले, त्यांवर वेळ लिहिली, आणि त्यानंतरच बटण दाबलं. एका टाकीचं नव्हे, चौदाच्या चौदांचं. डार्सीला फोन करून सांगितलं, की उद्या सगळ्या घरांतली स्वयंचलित बटणं काढ, वायर थेट जोड. डार्सीनं कारण विचारलं नाही. फक्त म्हणाली, आवाज बरा वाटत नाही तुझा. मग ऐल्सानं मेरेआनाला फोन केला आणि जे सापडलं ते जसंच्या तसं डॉक्टरांच्या कानावर घालायला सांगितलं. मेरेआना एवढंच म्हणाली, की बरं, सांगते.

संध्याकाळच्या आत ती मिसेस पिटकेथलींच्या दारात होती. लॉर्ना पिटकेथली गावाच्या ऊर्जा समितीच्या अध्यक्ष, पूर्वी शाळेच्या मुख्याध्यापिका. ऐल्सा त्यांच्या हाताखाली शिकलेली, म्हणून चव्वेचाळिसाव्या वर्षीही ती त्यांना मिसेस पी म्हणायची. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. पुढच्या सोमवारी जिल्हा परिषदेची माणसं गावात येऊन पवनचक्कीच्या परवानगीवर मत देणार होती. ते दोघींनाही ठाऊक होतं, त्यामुळे ते बोलायची गरज नव्हती.

"टाक्या तापवल्यास, नमुने प्रयोगशाळेत गेले, डॉक्टरांना कळवलंस. योग्य तेच केलंस," त्या म्हणाल्या. "आता अहवाल येईपर्यंत गप्प बस. नाहीतर गावभर बोभाटा होईल, आणि उद्या कारण दुसरंच निघालं तर सहा वर्षांचं काम गेलं म्हणून समज."

"आणि कारण हेच निघालं तर?"

"तर तेव्हा बोलू."

त्यांचं म्हणणं वावगं नव्हतं, आणि म्हणूनच ऐल्साला ते जास्त टोचलं. घरी येऊन तिनं भांडी घासली, आधीच घासलेली. जेवण गेलं नाही.

शुक्रवारी सकाळी ती डनेडिनला गेली. अंकल उशांना टेकून बसले होते. नाकाला ऑक्सिजनची नळी, गाल खप्पड झालेले, पण डोळे जागे. तिला बघून ते म्हणाले,

"तू होय. मला वाटलं, मेरेआनानं पाद्री धाडला."

ऐल्साला हसू आलं नाही. तिनं खुर्ची ओढली आणि शेगडीबद्दल विचारलं. नळ्या कधी जोडल्या?

"जोडतोय कशाला. होत्याच. नुसता कॉक बंद होता, तो जूनमध्ये उघडला." त्यांनी दम घेतला. "कपाट गार पडायला लागलं, पोरी. तुझं ते यंत्र बसल्यापासून. आधी कसं, तिथे कायम ऊब असायची. माझ्या बायकोच्या बटाट्याच्या पावाचं आंबवण असतं तिथे, बरणीत. एकतीस वर्षं जिवंत ठेवलंय ते. ती गेल्यावर मी ठेवलं. एका सकाळी बघतो तर त्याच्यावर बुडबुडाच नाही."

"मग मला सांगायचं ना, अंकल."

"सांगणार होतो. पण सभेत तू ते चित्र दाखवलंस. माझं घर सगळ्यांच्या पुढे. लोक टाळ्या वाजवत होते, तुझा चेहरा असा फुललेला. म्हटलं, कशाला त्यात माती कालवा."

ऐल्सा खाली बघत राहिली. तिच्या मॉडेलमध्ये टाकीतून निसटणाऱ्या त्या उबेला एक नाव होतं: नुकसान. ते कमी झालं की तिला आनंद व्हायचा. कपाटात त्या उबेवर कोण काय जगवतं, मोजे वाळवतं की पीठ फुगवतं, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

मग तिनं टाकीच्या तळाचं सांगितलं. एकतीस अंश, सदतीस अंश, सगळं.

"तुम्हाला हे माझ्यामुळे झालेलं असू शकतं," ती म्हणाली.

अंकलनी छताकडे बघितलं.

"आणखी तेरा घरं आहेत ना त्यात?"

"हो."

"त्यांना सांगितलंस?"

"अजून नाही. अहवाल येईपर्यंत—"

"मग इथे काय करतेस?" ते म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवायला श्वासच नव्हता.

ती तिथून थेट गावी आली, आणि शुक्रवारची उरलेली दुपार, शनिवार आणि रविवारचा अर्धा दिवस दारोदार फिरली. प्रत्येक घरात तीच गोष्ट: कपाट रिकामं करायचं, तापमापक बांधायचे, आणि काय झालं असावं ते समोर बसून सांगायचं. डार्सीनं बटणं काढून टाकली होती, टाक्या आता कढत होत्या. पण आधी काय चाललं होतं ते शोधायला शेगड्याही बघाव्या लागल्या. बहुतेकांनी ऐकून घेतलं. एका म्हाताऱ्या जोडप्यानं तिलाच चहा पाजला आणि धीर दिला, ते तिला सर्वांत जड गेलं. एकानं दारातच ऐकवलं, की संगणकवाल्यांना गावात आणलं तेव्हाच मी म्हणालो होतो. चौथ्या नंबरच्या घरी पाच महिन्यांचं बाळ होतं, आणि शेगडीमागे तशाच दोन नळ्या होत्या. बाळाची आई कॅट्रिओना हिनं सगळं ऐकून घेतलं. बाळाच्या आंघोळीसाठी भरून ठेवलेला टब तिनं उचलला, ऐल्साच्या देखत मागच्या अंगणात ओतला, आणि दार लावून घेतलं.

रविवारी दुपारी मिसेस पींचा फोन आला. गावात कुणाचं काय चाललंय ते त्यांना सांगावं लागत नसे. "मी तुला थांब म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. ऐल्सा म्हणाली, हो, म्हटलं होतंत. एवढंच बोलणं झालं.

परिषदेची बैठक आठवडाभर पुढे गेली. कुणाच्या तरी घरी आजारपण म्हणून. तो आठवडा ऐल्सानं कसा काढला ते तिलाच माहीत. समुद्रकाठच्या वाटेनं ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची आणि पोचली की परत फिरायची. फोन खिशात वाजला नाही तरी वाजल्यासारखा वाटायचा.

मंगळवारी तो खरंच वाजला. अंकलच्या कफाची तपासणी आली होती. जंतू लिजिओनेलाच, पण पाण्यातला नव्हे. त्याचा मातीत राहणारा भाऊबंद, कुंडीत घालायच्या खतमातीतला. मेरेआनानं घरी जाऊन काचघर बघितलं होतं. टोमॅटोची रोपं लावायची म्हणून अंकलनी खतमातीच्या दोन पिशव्या दारं बंद ठेवून, नाकाला काही न बांधता फोडल्या होत्या. पिशवीवर लाल अक्षरांत ते करू नका असं लिहिलेलं होतं. शुक्रवारी पाण्याच्या नमुन्यांचाही अहवाल आला. तिन्ही बाटल्या स्वच्छ.

"म्हणजे तू नव्हेस," मेरेआना म्हणाली, आणि मग रडली, आणि ऐल्साही रडली. पण फोन ठेवल्यावर तिला वाटलं होतं तसं हलकं वाटेना. टाकीचा तळ तर एकतीसच होता. जंतू तिथे पोचला नाही, यात तिचं कर्तृत्व काय?

मिसेस पी स्वतः तिच्या घरी आल्या. बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता. झालं गेलं गंगेला मिळालं अशा सुरात त्या बोलल्या. सोमवारी परिषदेपुढे जुनाच आलेख ठेवू, टाकीची दुरुस्ती मागाहून शांतपणे करता येईल.

"नवव्या घराची रेघ खोटी आहे, मिसेस पी."

"खोटी नाही. अपुरी आहे."

"तुम्हीच शिकवलं होतं, उत्तर बरोबर आलं तरी रीत चुकली असेल तर गुण नाहीत."

"ते सातवीच्या मुलांना," लॉर्नाबाई म्हणाल्या, आणि चहा न घेता निघून गेल्या.

सोमवारी सभागृह भरलं होतं. ऐल्सानं तोच आलेख पुन्हा भिंतीवर लावला आणि नवव्या रेघेवर बोट ठेवलं. जूनमध्ये आपण हिला टाळ्या वाजवल्या, ती म्हणाली, आणि ही चौदांतली सर्वांत धोक्याची टाकी होती. मग तळाचे आकडे वाचून दाखवले. या खेपेस पाण्यानं कुणाला काही झालं नाही, ते नशीब. पुढल्या खेपेस दोनशे चौदा घरं असतील. मला हे मॉडेल पुन्हा करायचं आहे, तोवर मत देऊ नका. ती बसली तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मत वसंतापर्यंत लांबलं. बाहेर पडताना लॉर्नाबाईंनी तिच्याकडे बघितलं नाही, आणि पुढचे सात आठवडे दुकानात समोरासमोर आल्या तरी हवापाण्यापलीकडे बोलल्या नाहीत.

ऐल्सानं टाकीचे दहा थर केले. प्रत्येक थराला त्याचं तापमान, वरून येणारी शेगडीची ऊब, खालून शिरणारं गार पाणी. घरोघरी विचारून तिनं शेगड्यांची यादी केली, एकोणसाठ निघाल्या. कपाटाचीही नोंद घातली, आणि ज्या घरांना ती ऊब हवी होती तिथे नुकसान हा शब्द खोडून टाकला. दर तिसऱ्या दिवशी, वारा असो नसो, बाहेरची वीज घेऊन प्रत्येक टाकी तळापर्यंत साठ अंशांवर न्यायची, असा नियम आला. आकडे पहिल्याइतके देखणे राहिले नाहीत. एका पवनचक्कीत हिवाळ्यात दोनशे चौदा घरं भागतील असं ती सांगत आली होती. आता एकशे एकतीस भागत होती. तिनं ते तसंच लिहिलं. ऑक्टोबरात मत झालं आणि तीन मतांच्या फरकानं परवानगी मिळाली. चौदांपैकी अकरा घरं पुन्हा प्रयोगात आली. कॅट्रिओना आली नाही, आणि ऐल्सानं तिला विचारलंही नाही.

अंकल ऑगस्टमध्ये घरी आले, पण लाकूड फोडायचं बळ छातीत उरलं नव्हतं. सप्टेंबरात मेरेआना त्यांना इन्व्हरकार्गिलला घेऊन गेली. मधूनच त्यांचा फोन येतो. नातवंडं फार गोंगाट करतात, मुलीच्या घरी टाकी म्हणून नाही, गॅसचा डबा भिंतीला टांगलाय, त्याला ना ऊब ना चेहरा, अशा तक्रारी असतात.

पवनचक्की पुढच्या शरद ऋतूत उभी राहिली. वारा पडून तीन-चार दिवस झाले की ऐल्साला घरात बसवत नाही. नवे सेन्सर तळालाही लावलेत, आकडे समोर दिसतात, तरी ती तापमापकांची पिशवी घेऊन निघते आणि कुणाच्या तरी दारावर टकटक करते. लोकांना आता सवय झाली आहे. ते कपाट आधीच उपसून ठेवतात, आणि ती आत वाकलेली असताना किटली चढवतात.